शहराच्या मधोमध उभं राहिलेलं दुसरं शहर

आज भर बाजारपेठेत उभारलेला एका मोठ्या सिनेमाचा सेट आतून पाहायला मिळाला. अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये!

रस्ता खराच, पण दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींचे नुसते दर्शनी भाग. मागे गेलं की लोखंडी परांची, प्लायवूड, टेकू. दगडी भिंतीवर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. वरचे मजले बांधलेच नाहीत, तिथे निळा पडदा. ते मजले नंतर व्हीएफएक्सवाले, म्हणजे संगणकावर दृश्यं तयार करणारे, चढवणार.

मला सगळ्यात भावलं ते रंगकाम. नव्याकोऱ्या भिंतीवर ओल, गंज, पावसाचे ओघळ, हात लागून लागून काळवंडलेली दाराची कड, हे सगळं रंगारी ब्रश आणि स्पंजने आणत होते. पडद्यावर क्षणभर दिसेल न दिसेल अशा कोपऱ्यासाठीही तेवढाच जीव ओतलेला. अंधार पडताना टँकरने रस्ता भिजवला, कारण ओल्या डांबरात दिव्यांचं प्रतिबिंब पडलं की रात्रीचं दृश्य खुलतं.

शूटिंग संपलं की हे सगळं पाडणार. सिनेमा लागला की कलाविभागाची नावं येईपर्यंत मी खुर्चीतून उठणार नाही. कुणी सोबत येणार असेल तर आत्ताच सांगून ठेवते!