लोणार: गुलाबी पाण्याच्या नावाखाली पैसे देऊ नका

गुलाबी सरोवर बघायला लोणारला निघाला असाल, तर आधी हे वाचा. पाणी हिरवं आहे, गर्द शेवाळी. गुलाबी फोटो अजून 'कालचे' म्हणून फिरतात, ते जून 2020चे आहेत.

काठावर एकाने तोच फोटो मोबाइलवर दाखवून "पलीकडे अजून गुलाबी आहे, नेतो" म्हणत 800 रुपये मागितले. मी साफ नाही म्हटलं. शेजारच्या कुटुंबाने दिले आणि दुपारी संतापून परत आले. असली कुठलीही जागा तिथे नाही! सरोवर उल्कापाताने बनलेल्या खोल विवरात आहे, त्या विवराचा व्यास जेमतेम 1.8 किलोमीटर, वरच्या कडेवरून अख्खं सरोवर एका नजरेत दिसतं. गुलाबी असतं तर तिथूनच दिसलं असतं.

हा रंग मुळात पाण्याचा नाहीच, त्यात राहणाऱ्या जिवांचा आहे. पाणी खारट आणि अल्कधर्मी, सामू (pH) 10च्या आसपास. त्यात स्पिरुलिनासारखे नीलहरित सूक्ष्मजीव माजतात, म्हणून हिरवं. 2020च्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि मिठात पोसणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्याच्या हॅलोआर्कियांनी जोर धरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हे जीव तळाशी बसताच वरचं पाणी नितळ झालं. पाऊस पडून खारेपणा उतरला आणि पुन्हा हिरवं झालं. ओंजळीत घेऊन बघा: पाणी जवळपास बिनरंगी, त्यात हिरवे बारीक कण आणि बोटांना साबणासारखा बुळबुळीतपणा. हाताला खरचटलं असेल तर लावू नका, चरचरतं.

आता उतरण. वरचा टप्पा सोपा. खाली झाडीतून बाहेर पडल्यावर काठाचा पट्टा मात्र वाईट. वरून वाळलेली पांढरी खपली, पाय ठेवला की खाली काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा चिखल. घोट्यापर्यंत पाय रुततो. सँडल घालून येणं हा शुद्ध मूर्खपणा, पकड असलेले बूटच हवेत. काठी असेल तर आधी टोचून बघा, मगच पाय टाका.

गावातलं दैत्यसूदन मंदिर सुरेख आहे, जरूर बघा.

जालन्याहून रस्त्याने साधारण 90 किलोमीटर. मुक्काम आदल्या रात्री करा आणि उजाडताच उतरा. दहानंतरची चढण उन्हात जीव काढते आणि खाली प्यायला पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. माणशी दोन लिटर वरूनच घ्या.