लॉकडाऊनमध्ये एचसीक्यू मिळवताना

मला ल्युपस आहे. यात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, कधी मूत्रपिंडावर उलटते. तिला आवरायला मी कित्येक वर्षं रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेते. आम्ही पेशंट तिला एचसीक्यू म्हणतो. मार्च २०२० पर्यंत इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या ओळखीत हे नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग ही गोळी कोरोनावर चालू शकेल असं अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं, ट्रम्प यांचं, ट्विट आलं. पाठोपाठ आयसीएमआरने कोरोना रुग्णांमध्ये काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी प्रतिबंधक म्हणून ही गोळी सुचवली, आणि धडधाकट माणसांनी घरात साठा केला. आमचे मेडिकलवाले भैया फोनवर म्हणाले, "दीदी, एक पत्ता भी नहीं बचा."

भीती सगळ्यांनाच होती, हे मला समजतं. तरी ज्यांनी "असू द्या घरात" म्हणून ती घेतली, त्यांचा राग मला आजही येतो. ही गोळी बंद पडली की आजार पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो, आणि ल्युपस उसळला की थेट किडनीपर्यंत जाऊ शकतो.

आमचा ल्युपसवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. इंदूर, देवास, उज्जैनच्या बायका जास्त, कारण हा आजारच मुख्यतः बायकांना होतो. एरवी तिथे सुप्रभात आणि डॉक्टरांच्या चौकश्या चालायच्या. इंदुरात कर्फ्यू लागला, मार्चअखेर तर किराणासुद्धा बंद झाला, तेव्हा त्याच ग्रुपवर दिवसभर एकच प्रश्न फिरत होता: कुणाकडे किती शिल्लक आहे?

२६ मार्चला सरकारने एचसीक्यूची विक्री शेड्यूल एच-१ च्या नियमांखाली आणली. चिठ्ठीशिवाय गोळी नाही, आणि दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. आमच्यासाठी हे चांगलंच झालं. पण माझ्याकडची चिठ्ठी जुनी होती आणि ओपीडी बंद. तेवढ्यात ग्रुपवरच्या एका ताईंनी टेलिमेडिसिनच्या नव्या नियमांची पीडीएफ टाकली. ते नियम आदल्याच दिवशी, २५ मार्चला आले होते. जुन्या पेशंटला तेच औषध पुढे चालू ठेवायला डॉक्टर व्हिडिओवर किंवा फोनवर बोलून चिठ्ठी देऊ शकतात आणि तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकतात, हे मला तिथे कळलं.

मी डॉक्टरांना आधीची चिठ्ठी, शेवटचा लघवीचा रिपोर्ट, वजन आणि गालांवरच्या चट्ट्याचा खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो पाठवला. वजन यासाठी की या गोळीचा डोस दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. नाहीतर पुढे डोळ्याच्या पडद्याला धोका असतो. नव्या चिठ्ठीवर तारीख, वय, औषधाचं पूर्ण नाव आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक होता. आपलं नाव झाकून मी ती नमुना म्हणून ग्रुपवर टाकली, कारण नोंदणी क्रमांक नाही म्हणून दोघींना दुकानातून परत पाठवलं होतं. पुढे एका काकूंच्या मुलाने दवा बाजारात चौकशी करून कुठल्या दुकानात माल उतरलाय ते कळवलं आणि माझी गोळी घरी आली.

मधल्या दिवसांत "एक दिवसाआड घेऊ का?" हे सगळ्याच विचारत होत्या. डॉक्टरांनी मला सांगितलं की हे औषध शरीरातून फार हळू उतरतं, चार दिवस चुकलं तर लगेच काही होणार नाही, पण डोस आपल्या मनाने ताणायचा नाही. त्यानंतर ग्रुपवर डोसचा सल्ला द्यायचा नाही असं ठरलं. औषध कुठे मिळतंय, चिठ्ठी कशी हवी, रिपोर्ट कुठे निघतोय, एवढंच बोलायचं.

गुळवेलीच्या काढ्याचे फॉरवर्ड मात्र थांबेनात. इम्युनिटी वाढवा, इम्युनिटी वाढवा! आमची इम्युनिटी आधीच आमच्या अंगावर धावून येते, तिला आणखी चिथावून कसं चालेल? नात्यातल्या मोठ्यांना हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. "आत्या, माझ्या डॉक्टरांनी काढा नको सांगितलाय," एवढंच मी लिहायची. तेच वाक्य मग ग्रुपवरच्या कितीतरी जणींनी आपापल्या घरच्या ग्रुपवर चिकटवलं.

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीचा निष्कर्ष आला की दवाखान्यात भरती झालेल्या कोरोना रुग्णांना एचसीक्यूचा फायदा होत नाही. हळूहळू गोळी पुन्हा दुकानात दिसू लागली. आता नवीन कुणी ग्रुपवर आली की आम्ही तिला चालू चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला, महिनाभराची गोळी हाताशी ठेवायला आणि डोळ्यांची तपासणी न चुकवायला सांगतो. लॉकडाऊनमुळे माझी ती तपासणी लांबली होती. नंतर करून घेतली, पडदा ठीक आहे.