सावलीची वही : 22 डिसेंबर ते 18 जून

पुण्यातल्या आमच्या गच्चीवर शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी सळई, मांडून सहा महिने झाले. शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा, बाटल्या नि डबे उभे करून फोटो आपण सगळेच काढतो. मला मात्र पृथ्वीच्या आसाचा कल आपल्याच मोजपट्टीनं काढायचा होता. हातात येईल असा आकडा मिळाला, म्हणून ही नोंद.

आधी मांडणीबद्दल, कारण सगळा वेळ तिथेच गेला. सुरुवातीला नुसती सळई उभी केली होती. पण सूर्यबिंब अर्धा अंश रुंद असतं, त्यामुळे लांब सावलीचं टोक चांगलं दीड सेंटिमीटर पुसट होतं. मोजायचं कुठून? मग सळईच्या माथ्याला आडवा पत्रा लावला, त्याला 4 मिमीचं भोक पाडलं आणि भोकातून गवंडीकामाचा ओळंबा सोडून फळीवर खूण केली. आता पत्र्याच्या सावलीत सूर्याचं छोटं, गोल बिंब पडतं. त्याच्या मध्यावर पेन्सिलचा ठिपका द्यायचा, की काम झालं. भोकाची उंची बरोबर 100 सेंमी. उत्तर दिशा होकायंत्रानं न घेता जुन्या रीतीनं काढली: खुणेभोवती वर्तुळ, सकाळी आणि दुपारी बिंब जिथे वर्तुळाला शिवतं ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा.

घड्याळातल्या बाराला बिंब उत्तर-दक्षिण रेषेवर येत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, पुणे 73.86 वर. म्हणजे साधारण 34 मिनिटं उशीर, आणि ऋतूनुसार त्यातही मागेपुढे.

22 डिसेंबर, 12:33. खुणेपासून बिंबाच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर 89.5 सेंमी, वर्षातलं सर्वात लांब. आजूबाजूच्या चार दिवसांत फरक जेमतेम दीड-दोन मिलिमीटर.

4 जानेवारी. याच सुमाराला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते, सुमारे 14.7 कोटी किमी. जुलैच्या सुरुवातीला 15.2 कोटी. तरी सकाळी स्वेटर घालूनच गच्चीवर गेलो. अंतरावर ऋतू ठरत असते तर ही वही उलटी लिहावी लागली असती.

14 जानेवारी. 83.2 सेंमी. तिळगूळ वाटायच्या आधीच सावली सहा सेंमीहून जास्त मागे फिरली होती. उत्तरायण 22 डिसेंबरलाच सुरू होतं. संक्रांत ताऱ्यांच्या राशीला धरून असते आणि पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक गिरकी घेतो, म्हणून दोन्ही तारखा दुरावत गेल्या. हे वाचून माहीत होतं, पण फळीवर दोन ठिप्क्यांमधलं अंतर बोटानं मोजलं तेव्हा खरं पटलं.

20 मार्च. 33.4 सेंमी. बारा अंगुळांच्या शंकूला ही सावली चार अंगुळं होते, तीच पुण्याची पलभा, म्हणजे दिवस-रात्र समान असतानाची मध्यान्हीची सावली. या दिवसांत बिंब रोज आठ मिलिमीटर सरकतं, एक दिवस चुकला तरी जाणवतं.

एप्रिलमध्ये कुरडया वाळत घालताना फळी हलली. ओळंबा सोडून सगळं पुन्हा जुळवलं. त्या चार दिवसांच्या नोंदी खोडल्या आहेत.

त्याच सुट्टीत भाचीला मोसंबीत विणकामाची सुई खुपसून दिवा दाखवत होतो. दिव्याभोवती फिरताना तिनं सुईचं टोक सतत दिव्याकडेच वळतं ठेवलं. म्हटलं, असं केलंस तर वर कायम उन्हाळाच राहील. सुई कपाटाच्या कोपऱ्याकडे रोखून धर आणि तशीच फिर. अर्धी फेरी झाल्यावर तेच टोक दिव्यापासून लांब झुकलेलं दिसलं आणि ती थांबली. सगळं गमक इथेच आहे. वर्षभरात कल बदलत नाही, आस ध्रुवताऱ्याकडेच रोखलेला राहतो. आपण सूर्याच्या दुसऱ्या बाजूला जातो, एवढंच.

13 मेला बिंब खुणेच्या किंचित उत्तरेला, 14 मेला किंचित दक्षिणेला. तेव्हापासून पुण्यात दुपारची सावली दक्षिणेला पडते आहे. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला असल्यानं आपल्या राज्यात सगळीकडे हे होतं. दिल्लीत कधीच नाही.

18 जून. आठवडाभर ढग. 12:36 ला तीन मिनिटं ऊन पडलं आणि ठिपका मिळाला: दक्षिणेला 8.5 सेंमी. 21 तारखेची वाट बघितली नाही, इतक्या जवळ फरक मिलिमीटरच्या आतला.

आता हिशोब. अंतर आणि भोकाची उंची यांवरून, दुपारचा सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून किती ढळला तो कोन निघतो. डिसेंबरचा कोन 41.83 अंश, जूनचा उलट्या बाजूला 4.86. बेरजेचं निम्मं 23.35, हा आसाचा कल. ग्रंथातला आकडा 23.44. वजाबाकीचं निम्मं 18.49, हे पुण्याचे अक्षांश! दोन ठिप्क्यांतून दोन्ही निघाले. आणखी एक: डिसेंबरातल्या मध्यान्हीचं ऊन तिरपं पडून तेवढ्याच जमिनीला जूनच्या पाऊणपट मिळतं. त्यात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा. थंडी या दोन गोष्टींतून येते. आपल्याकडे जून मे महिन्यापेक्षा गार असतो, ते श्रेय पावसाचं.

फळीवर प्लास्टिक घालून ठेवलं आहे. 29-30 जुलैला बिंब परतताना खुणेवरून जाईल, ढगांनी वाट दिली तर टिपतो. त्यानंतर सप्टेंबर: 22-23 चा ठिपका मार्चच्या ठिप्क्यावर पडायला हवा.