१०८ फिरवला की कँटीन उचलतं

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ॲडमिन आणि अकाउंट्स दोन्ही बघते, त्यात आता इंटरकॉमचीपण भर पडलीय, कारण आमचा आधीचा माणूस एक नाव बदलायचं असलं तरी व्हिजिट चार्ज लावायचा आणि नंतर नंतर तर त्याने आमचा फोन उचलणंच सोडून दिलं. फोनवाल्यानेच फोन उचलायचा नाही म्हणजे कहर झाला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला टॅली येतं, हे काय अवघड आहे", आणि मॅन्युअलची पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडली.

इंटरकॉमचं मशीन आहे पॅनासॉनिकचं ८२४, दवाखान्यापासून लॉजपर्यंत कुठेतरी भिंतीवर टांगलेलं तुम्ही बघितलं असणारच. मुळात ३ बाहेरच्या लाइन आणि ८ एक्स्टेन्शन म्हणजे आतले फोन, कार्डं टाकत गेलं की ८ लाइन आणि २४ एक्स्टेन्शनपर्यंत जातं. आमच्याकडे ३ आणि १६. डिस्प्लेवाला मोठा फोन फक्त रिसेप्शनला, बाकी सगळे साधे. आणि सगळं प्रोग्रॅमिंग त्या मोठ्या फोनवरून करायचं, प्रोग्रॅमचं बटन, मग स्टार, मग हॅश, मग पासवर्ड. पासवर्ड कंपनीने दिलेला १२३४, आणि आमच्याकडे तो इतकी वर्षं तसाच होता. हे पहिलं बदला. विशेषतः ज्यांच्याकडे डीसा चालू आहे, म्हणजे बाहेरून फोन केला की रेकॉर्डेड बाई बोलते आणि तुम्ही थेट एक्स्टेन्शन फिरवता, त्यातच बाहेरून येऊन आपल्या लाइनवरून पुढे दुसरा कॉल लावायची पण सोय असते, आणि पासवर्ड सोपा ठेवला तर रात्रीतून कोणीतरी परदेशात गप्पा मारतं आणि बिल आपल्याला येतं. जगभर हा प्रकार होतो, आणि ती सोय लागत नसेल तर सरळ बंद ठेवायची.

आता नावं. एक्स्टेन्शनला नाव दिलं की तिथून फोन आला की डिस्प्लेवर नंबराऐवजी नाव येतं, एवढी साधी गोष्ट. पण नावाला अक्षरं दहाच आणि तीपण इंग्रजी. कुलकर्णी आठ अक्षरांत बसतात, देशपांडे नऊ, क्षीरसागर बरोब्बर दहा, त्यांच्यासाठीच मोजून ठेवल्यासारखं. आणि आमच्या क्वालिटीचे सहस्रबुद्धे तेरा. ते दहाव्या अक्षराला तुटतात आणि डिस्प्लेवर "सहस्रबुद" म्हणून येतात. मी त्यांना विचारलं, सर "बुद्धे" टाकू का नुसतं, तर म्हणाले "नको, आमच्या मिसेसना कळलं तर म्हणेल बुद्धी कुठे गेली." मग "क्यूए" टाकलं आणि विषय संपला.

पण खरी गंमत तिथूनच सुरू झाली, कारण एकाला डिपार्टमेंटचं नाव दिलं की बाकीचे विचारतात मग आमचं का नाही, आणि ज्याला डिपार्टमेंट दिलं तो म्हणतो माझं नाव का नाही. आधीच्या यादीत सगळी माणसांची नावं होती आणि त्यातले अर्धे लोक नोकरी सोडून गेलेले, एकजण तर रिटायर होऊन गावी शेती करतोय पण डिस्पॅचवरून फोन आला की अजून त्याचंच नाव लागायचं. तीन पाटील होते ते वेगळंच. कोल्हापूर जिल्ह्यात तुम्ही डिस्प्लेवर नुसतं "पाटील" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्यामुळे मी ठरवलं की नाव टेबलाचं द्यायचं, माणसाचं नाही. मोल्डिंग, फेटलिंग, पॅटर्न, स्टोअर, काटा (ट्रकांचा वजनकाटा), गेट. माणूस बदलला तरी टेबल तिथेच असतं, फोन तिथेच असतो. माणसाचं नाव फक्त दोघांना, मोठे साहेब आणि धाकटे साहेब, कारण त्यांना "केबिन १" आणि "केबिन २" लिहिलं तर कोण एक आणि कोण दोन यावरून घरात महाभारत झालं असतं.

टाइप करायचं काम मात्र वैताग आहे, जुन्या नोकियावर एसएमएस लिहिल्यासारखं, एकेका अक्षराला बटन तीन तीनदा दाबायचं. सोळा नावं टाकेपर्यंत रिसेप्शनच्या मुलीने बाजूच्या खुर्चीवर बसून अख्खं नेलपेंट लावून घेतलं, कारण प्रोग्रॅमिंग चालू असताना तिचा फोन माझ्या ताब्यात.

आता मुद्दा ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

एक्स्टेन्शन नंबर या मशीनमध्ये मूळचे १०१ पासून सुरू होतात. आठवं एक्स्टेन्शन १०८. बारावं ११२. वाचताय ना? १०८ म्हणजे ॲम्ब्युलन्स, ११२ म्हणजे इमर्जन्सी, आणि १०१ फायर ब्रिगेड. आमच्याकडे १०१ रिसेप्शन, १०८ कँटीन आणि ११२ पॅटर्न शॉप. म्हणजे उद्या फर्नेसवर काही झालं, वितळलेलं लोखंड हाताळतो आपण, काही मजा नाही ती, आणि एखाद्या पोराने घाबरून समोरचा फोन उचलून १०८ दाबला तर कँटीनमधला मामा विचारणार, "किती चहा?" बाहेरची लाइन घ्यायला आधी ० दाबायचा हे आपल्याला शांतपणे खुर्चीवर बसून माहीत असतं. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, आणि काँट्रॅक्टवरच्या नवीन पोराला तर कोणी सांगितलेलंच नसतं. त्याच्यासाठी फोन म्हणजे फोन, मोबाइलवर जसं १०८ लागतं तसं इथेपण लागणार.

माझ्या आधी एवढी वर्षं हे कुणाच्या नजरेत आलं नाही असं मला वाटत होतं, पण काट्यावरचे मामा म्हणाले, "आम्हाला माहिती हाय की, आम्ही मोबाइलवरनंच लावतो." म्हणजे माहिती होतं, फक्त वर कुणी सांगितलं नव्हतं. आणि फर्नेसजवळ मोबाइलला बंदी आहे, हे आणखी वर.

तर मी सगळे नंबर २०१ पासून करून टाकले. या मशीनला नंबरिंग प्लॅन असतात, एकात फक्त १०० ते १९९ चालतात, दुसऱ्यात १०० ते ४९९, तो दुसरा आधी निवडावा लागतो मगच २०० च्या पुढचे नंबर घेतं. नंबर बदलल्यावर आता कुणी चुकून नुसतं १०८ दाबलं तर निदान कँटीन वाजत नाही, एरर टोन येतो, आणि माणसाला कळतं की काहीतरी राहिलं. आणि प्रत्येक फोनवर लाल स्टिकर, "० दाबा मग १०८". तुमचं मशीन नवीन असेल तर बघा, बऱ्याच मशीनमध्ये इमर्जन्सी नंबर म्हणून वेगळी यादी असते, त्यातले नंबर कुठल्याही एक्स्टेन्शनवरून, लॉक असला तरी जातात. फक्त त्या यादीत आपल्याकडचे नंबर आहेत का ते एकदा तपासा, परदेशी ९११ नाहीतर ९९९ भरलेला असला तर काय उपयोग.

नंबर बदलल्यावर पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या. ज्यांच्या बोटांना १०५ ची सवय होती त्यांना २०५ पचेना. मी मुद्दाम शेवटचे दोन आकडे तेच ठेवले होते, तरीपण. ते आपलं चालायचंच.

दुसरी मोठी भानगड लॉकची. टोल रिस्ट्रिक्शन म्हणतात त्याला, ऑफिसच्या भाषेत एसटीडी लॉक. यात कोणत्या एक्स्टेन्शनला काय फिरवायला परवानगी ते ठरतं, आणि ते आकड्यांच्या सुरुवातीवरून ठरतं, एक नकार यादी आणि एक अपवाद यादी. आमच्या शॉपमधल्या फोनना नकार यादीत नुसता ० होता. म्हणजे बाहेरची लाइन घेतल्यावर पहिला आकडा ० आला की कॉल अडला. जुन्या काळी अगदी बरोबर होतं, एसटीडी ० ने सुरू, आयएसडी ०० ने सुरू, एका शून्यात दोन्ही बंद. लोकल मोबाइल शून्याशिवाय लागायचा म्हणून तो चालायचा.

मग १५ जानेवारी २०२१ पासून नियम आला की लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावायचा तर आधी ० लावायचा. पुढे नंबर कमी पडू नयेत म्हणून केलं ते, जवळजवळ अडीच अब्ज नवे नंबर मोकळे होणार असं ट्रायचं, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, म्हणणं होतं. पण आमच्या मशीनला ट्रायचं काय माहीत, त्याने त्या दिवसापासून शॉपमधले सगळे मोबाइल कॉल एसटीडी समजून अडवले. आणि ऑफिसात समज काय झाला, तर शॉपची लाइन खराब आहे. वर्षानुवर्षं! लोक आपापल्या मोबाइलवरून ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करत राहिले, स्वतःचा रिचार्ज घालून, आणि कुणी विचारलं तर "ते फोन फक्त आतल्या आत चालतात" असं उत्तर.

उपाय सोपा होता. अपवाद यादीत ०६, ०७, ०८, ०९ टाकले, कारण मोबाइल ६, ७, ८, ९ नेच सुरू होतात. आता हुशार वाचक म्हणेल की नागपूर ०७१२ आहे, अहमदाबाद ०७९ आणि बेंगळुरू ०८०, ते पण सुटले की. हो सुटले. मुंबई ०२२ आणि पुणे ०२० अडतात, नागपूर जातं, हा अन्याय मी पदरात घेतलाय. साहेबांना मी सरळ म्हणाले की आता लँडलाइनला अनलिमिटेड प्लॅन आहे, एसटीडी लॉक काढूनच टाकूया, पण ज्या माणसाने नव्वदच्या दशकात रात्री अकरानंतर स्वस्त दर लागायची वाट बघत पार्टीला फोन केलेत त्याच्या डोक्यातून एसटीडी जात नाही. मग मी काय केलं, पुण्या-मुंबईच्या रोजच्या पार्ट्यांचे नंबर सिस्टिम स्पीड डायलला टाकले, आणि स्पीड डायलला लॉकमधून सूट द्यायचं सेटिंग असतं ते चालू केलं. साहेबांचा लॉकपण राहिला आणि डिस्पॅचचं कामपण झालं.

रिंगिंगचं थोडक्यात सांगते. आधी बाहेरचा कॉल एकदम सगळीकडे वाजायचा आणि त्यामुळे कोणीच उचलायचं नाही, प्रत्येकाला वाटायचं दुसरा उचलेल. आता आधी रिसेप्शन, तिथे नाही उचलला की माझं टेबल आणि स्टोअर. दुपारच्या सुट्टीला लंच मोड आणि रात्री नाइट मोड, नाइटला थेट गेट, म्हणजे वॉचमन. गेटचा फोन नीट वाजतो का ते रात्रीच जाऊन तपासा, कारण आमच्या गेटच्या फोनची घंटी कुणीतरी झोप मोडते म्हणून बारीक करून ठेवलेली होती. कुणीतरी म्हणजे कोण ते सांगायला नको.

एसएमडीआर म्हणून एक प्रकार असतो, कोणत्या एक्स्टेन्शनवरून कुठे किती मिनिटं बोललं त्याची नोंद, मशीनला वायर लावून कॉम्प्युटरवर घेता येते. धाकट्या साहेबांना ते हवं होतं. मी म्हटलं देते, पण त्यात तुमचं एक्स्टेन्शनपण येतं. मग विषय निघाला नाही परत.

आणि जे काही बदलाल ते लिहून ठेवा बरं का, कुठला प्रोग्रॅम नंबर, आधी काय होतं, आता काय केलं. मी एका जुन्या चलन बुकाच्या मागच्या पानांवर लिहिते, एक्सेलमध्ये पण आहे, पण लाइट गेल्यावर एक्सेल उघडत नाही. लाइट गेली की या मशीनमध्ये पहिली लाइन आपोआप थेट पहिल्या जॅकला जोडली जाते, त्या जॅकला साधा फोन लावलेला असला तर यूपीएस संपला तरी बाहेरचा एक फोन चालू राहतो (डिस्प्लेवाला मोठा फोन लाइट नसताना चालत नाही), ही गोष्टपण त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलीय.

अजून एक दुखणं बाकी आहे, काट्यावरचा फोन. तिथून कॉल ट्रान्सफर करायला फ्लॅशचं बटन (ते लाइन क्षणभर तोडतं) दाबलं की कॉल कटच होतो. फोन बदलून झाला, क्रोनवर, म्हणजे वायरी जोडायच्या पट्टीवर, वायर परत पंच करून झाली. माझा अंदाज असा की फ्लॅशच्या वेळेचा घोळ आहे, काही फोन १०० मिलिसेकंदांचा फ्लॅश देतात काही ६०० चा, आणि मशीनला जेवढा अपेक्षित त्यापेक्षा जास्त वेळ झाला की ते समजतं रिसीव्हर खाली ठेवला. फोनच्या खाली बारीक स्विच असतो तो बदलून बघायचाय, पण सध्या ट्रकांची एवढी लाइन आहे की काट्यावरच्या मामांच्या हातातून फोन घेणं म्हणजे त्यांच्या तोंडून चार नवीन शब्द शिकणं. सोमवारी बघू.