दोषाचा रकाना

माझ्या कामाच्या वहीत प्रत्येक यंत्रापुढे तीन रकाने असतात: तक्रार, दोष आणि केलेले काम. गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी त्यातला मधला रकाना मला कोरा ठेवावा लागला आणि तो कोराच ठेवायचा आहे हे कळायला जवळजवळ अर्धा दिवस गेला.

सोलापुरात नवी पेठेतल्या एका बोळात माझे दुरुस्तीचे दुकान आहे. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले. आता जुने अ‍ॅम्प्लिफायर जपणारी हौशी माणसे एवढेच गिऱ्हाईक उरले आहे. त्या शनिवारच्या आठ दिवस आधी पूर्व भागातल्या एका तरुणाचा अ‍ॅम्प्लिफायर मी दुरुस्त करून दिला होता. त्याच्या घरी टॉवेलचे यंत्रमाग आहेत आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेला आहे. गाणे बंद असतानाही त्यातून घरघर यायची, म्हणून मी वीजपुरवठ्याच्या बाजूचे दोन्ही मोठे कंडेन्सर बदलले, बटणे साफ केली आणि माझ्या सवयीप्रमाणे बेस आणि ट्रेबल, म्हणजे खालच्या आणि वरच्या स्वरांची बटणे, दोन्ही मध्यावर आणून यंत्र परत दिले. घरघर गेली होती. पैसे मिळाले. विषय संपला होता.

शनिवारी सकाळी तोच अ‍ॅम्प्लिफायर रिक्षातून परत आला. सोबत त्या तरुणाचा मित्र होता, बँकेत नोकरीला असलेला, आणि बोलत होता तोच. "काका, तुम्ही दुरुस्त केल्यापासून याचा बेस गेलाय. पूर्ण गेलाय." मालक मात्र मागे उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण दुरुस्त करून दिलेले यंत्र आठ दिवसांतच परत येणे ही गोष्ट कारागिराला इतकी लागते की समोरच्याच्या चेहऱ्याकडे त्याचे लक्ष राहत नाही.

बेस गेला म्हटले की मी पहिल्यांदा स्पीकरच्या तारा विचारतो. दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, तर एकाचा कोन, म्हणजे थरथरणारा पडदा, बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे स्वर हवेतच एकमेकांना खाऊन टाकतात. मालकाने मोबाइलवर फोटो दाखवला. तारा बरोबर होत्या. मग झाकण उघडले. नवे कंडेन्सर, त्यांची सोल्डरिंग, प्रीअ‍ॅम्पमधले छोटे कपलिंग कंडेन्सर, बेसच्या बटणामागची पट्टी, सगळे एकेक करून तपासले. स्पीकरच्या जागी आठ ओहमचा रेझिस्टर लावला, ऑसिलेटरवरून ४० हर्ट्झपासून १०,००० हर्ट्झपर्यंत स्वर सोडला आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट पाहत बसलो. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, म्हणजे सुरुवात तिच्याही खालून होती. लाट कुठेही खचली नाही. शेवटी माझी नेहमीची कसोटी, तबल्याच्या एकल वादनाची एक सीडी, दुकानातल्या दहा इंची वूफरवर, म्हणजे खालच्या स्वरांच्या स्पीकरवर, लावली. डग्ग्याचा घुमारा काउंटरच्या फळीत उतरला. दुपारचे दोन वाजले होते, पत्रा तापला होता आणि माझ्या हाताला एकही दोष लागला नव्हता.

"तुम्ही घरी नेमके काय लावले होते, तेच इथे लावा," असे मी म्हणालो. बँकवाल्याने पिशवीतून सीडी काढली: मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा १९८८ सालचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम. त्यावर मालक प्रथमच तोंड उघडून म्हणाला, "आधी माझी लावा काका." त्याच्याकडे त्याच बँडचा १९८६ सालचा 'मास्टर ऑफ पपेट्स' होता. त्यातली 'ओरायन' ही शब्दांवाचूनची रचना त्याने लावली. मला हे संगीत कळते असा माझा दावा नाही. माझा कान नाट्यपदांवर आणि भजनांवर पोसलेला आहे. पण त्या रचनेच्या मध्यावर सगळा गलका हळूहळू विरतो आणि एकट्या बेस गिटारची सुरावट पुढे येते, तेव्हा मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. वूफरच्या कोनावर बोटांची टोके हलकेच टेकवली. कोन प्रत्येक स्वराबरोबर संथपणे आत-बाहेर होत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

मग दुसरी सीडी लागली. बोटे तिथेच होती. गिटारींचा कोरडा, धारदार आवाज दुकानभर झाला. पण बोटांना लागत होते ते फक्त ढोलाचे ठोके, तेही टेबलावर टिचकी मारावी तसे. दोन ठोक्यांच्या मध्ये कोन जवळजवळ स्थिर होता. मी बेसचे बटण शेवटपर्यंत फिरवले. ठोके जड झाले, एवढेच. जे नव्हते ते आले नाही.

मालक हसायला लागला. "काय बे, आता सांग. काकांचा दोष का तुझ्या अल्बमचा?"

मग सगळे बाहेर आले. या दोघांचा कॉलेजपासूनचा वाद आहे की या दोन अल्बमांपैकी श्रेष्ठ कोणता. बँकवाला आयुष्यभर 'जस्टिस' मोबाइलला इअरफोन लावून ऐकत आला होता. मित्राच्या घरी मोठ्या स्पीकरवर दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकल्यावर त्याला धक्का बसला आणि त्याने खापर अ‍ॅम्प्लिफायरवर, म्हणजे पर्यायाने माझ्यावर फोडले. मालकाला खरे कारण ठाऊक होते. तरी तो गप्प राहिला, कारण त्याला मित्राची फजिती माझ्या दुकानात, माझ्या मीटरसमोर व्हायला हवी होती. माझा अर्धा दिवस या थट्टेत गेला हे ऐकून मला राग आला आणि तो मी बोलूनही दाखवला. पण चहा त्याने मागवला आणि हकिगत अशी होती की मी खुर्ची ओढून बसलो.

'पपेट्स'मध्ये बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन त्याच वर्षी, २७ सप्टेंबर १९८६ रोजी, स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. 'जस्टिस' हा त्याचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम; आणि त्यात त्याचे वादन असून नसल्यासारखे आहे. ध्वनिमिश्रण करणाऱ्यांपैकी स्टीव्ह थॉम्प्सन यांनी पुढे मुलाखतीत सांगितले की ढोलवादक लार्स उलरिकने बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला लावला आणि त्यानंतर आणखी पाच-सहा डेसिबल उतरवायला सांगितले. सहा डेसिबल म्हणजे स्पीकरला मिळणारा विजेचा दाब थेट निम्मा. आधीच पुटपुटणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्याचाच हा प्रकार झाला.

बँकवाला मात्र हार मानायला तयार नव्हता आणि तिथे तो मला आवडला. त्याचे म्हणणे असे की 'जस्टिस'मधली गाणी लांब, अवघड, लय मोडत जाणारी आहेत. अन्यायाबद्दलच बोलणाऱ्या अल्बमला तो सुकलेला, हाडांचा आवाजच शोभतो. अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत 'पपेट्स' २९ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि 'जस्टिस' सहाव्या. मालकाने उत्तर दिले की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत 'पपेट्स'ची निवड केली, आणि ती विक्रीवरून केलेली नाही. "आणि २०१८ ला 'जस्टिस' नव्याने काढला तेव्हा तरी बेस वाढवला का त्यांनी?" "नाही वाढवला. जसा होता तसा ठेवला, हेच बरोबर केलं." या मुद्द्यावर मी बँकवाल्याच्या बाजूचा आहे. जुने मुद्रण पुसून नवे करणे आणि तेच जुने म्हणून विकणे मला पटत नाही.

पण मला खरे अडकवले ते मालकाने सहज सांगितलेल्या एका गोष्टीने. गायक जेम्स हेटफील्डने नंतर असे कारण दिले की सततच्या दौऱ्यांनी त्यांचे कान थकले होते. वरचे स्वर ऐकू येईनात, म्हणून ते वरचे स्वर वाढवत गेले आणि त्या नादात खालचे निघून गेले.

हे मी गेली तीस वर्षे पाहतो आहे. पूर्व भागातून दुरुस्तीला येणारे रेडिओ आणि टीव्ही मी न विचारता ओळखतो: ट्रेबलचे बटण टोकाला, आणि ते तिथेच इतकी वर्षे राहिलेले की खुणेच्या रेषेभोवती धूळ बसलेली असते. मागाचा खडखडाट रोज आठ-दहा तास ऐकणाऱ्या माणसाचे आधी वरचे स्वर जातात, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. 'स', 'श', 'फ' त्याला पुसट होतात, आणि तो घरी येऊन ट्रेबल वाढवतो. त्याला तेच बरोबर वाटते. घरातल्या बाकीच्यांना आवाज टोचतो, पण बटणाला कोणी हात लावत नाही. ढोलाशेजारी आणि गिटारीच्या भिंतीसमोर रात्री काढलेल्या या मुलांनी ऐन उमेदीत वेगळे काय केले असणार?

अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण लावले. पैसे घेतले नाहीत. चहाचेही मालकानेच दिले. वहीत तक्रारीच्या रकान्यात 'बेस नाही' लिहिले, मधला रकाना तसाच सोडला आणि तिसऱ्यात 'तपासून परत' लिहिले. बँकवाला रिक्षा बघायला बोळाच्या तोंडाशी गेला, तेव्हा मालक आत आला आणि जरा आवाज खाली आणून म्हणाला, "काका, गेल्या वेळेस तुम्ही बटणं मधे आणून दिली होती. ट्रेबल पहिल्यासारखा शेवटाला करून द्या. बाबांना गाण्याचे शब्द कळेनात."

मी बटण फिरवले. धूळ आठ दिवसांपूर्वीच पुसून टाकली होती, म्हणून जुनी जागा अंदाजाने शोधावी लागली.