लेख दुसऱ्याने लिहिला तरी विचार आपलाच हवा
व्यवसायाच्या ब्लॉगसाठी पडद्याआडचा लेखक नेमण्यात मला काहीही गैर वाटत नाही. दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या दंतवैद्याने किंवा जुलैअखेरच्या विवरणपत्रांत बुडालेल्या सनदी लेखापालाने रात्री जागून लेख लिहावेत, ही अपेक्षाच अवास्तव आहे. मात्र लेखकाला नुसता विषय कळवून मोकळे होणे मला मुळीच पटत नाही. मी अशा व्यावसायिकांसाठी लिहिते, तेव्हा आधी त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून घेते. कारण ‘रूट कॅनालनंतर दुखणं थांबलं की लोक कॅप बसवायला येतच नाहीत आणि मग दात तुटतो’ हे वाक्य दवाखान्यातच मिळते.

व्यवहारही लेखी हवा. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, सर्वसाधारणपणे तो लेखकच असतो आणि केवळ मानधन दिल्याने हक्क आपोआप हस्तांतरित होत नाहीत. कलम १९ प्रमाणे त्यासाठी लेखकाच्या सहीचा दस्तऐवज लागतो. त्यात मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. प्रसिद्धीपूर्वी प्रत्येक ओळ तपासणे ही मात्र ज्याचे नाव लेखावर छापले जाते त्याचीच जबाबदारी आहे, विशेषतः मजकूर औषधांविषयी किंवा करांविषयी असेल तेव्हा.