पैसे कापले, बिल मात्र बाकीच! बँकेच्या ॲपमधून वीजबिल भरण्याचा माझा अनुभव

माझी बँक ऑनलाइनवाली. जवळपास शाखा नाही, जे काय आहे ते ॲप आणि कस्टमर केअरचा फोन. तिथून महावितरणचं बिल भरायला बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बीयू (बिलिंग युनिटचा क्रमांक) लागतो, दोन्ही बिलावर छापलेले असतात. मीटर नंबर टाकू नका. बिल फेच झालं की आधी नाव वाचा, मग रक्कम. इथपर्यंत काही अडत नाही.

अडतं पैसे कापले गेल्यावर. एसएमएस येतो आणि ॲपमध्ये 'पेंडिंग' दिसतं. फेल असतं तर पुन्हा भरलं असतं, सक्सेस असतं तर विषय संपला असता. पेंडिंग म्हणजे बँकेने पैसे कापून भारत बिलपेमार्फत (बँका आणि बिलवाल्या कंपन्यांना जोडणारी यंत्रणा) महावितरणला निरोप पाठवला, पण पोच वेळेत परत आली नाही. पैसे पोचले की नाही, हे मागाहून हिशेब जुळवल्यावरच ठरतं. शेवटची तारीख डोक्यावर असताना त्याची वाट पाहणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात लाईन गेल्यावर कुलरकडे बघत बसणं.

कस्टमर केअर रेफरन्स नंबर मागतं. आपण एसएमएसमधला वाचून दाखवतो आणि फसतो. तो नंबर फक्त खात्यातून पैसे गेल्याच्या नोंदीचा. बिल पेमेंट शोधायला भारत बिलपेचा ट्रान्झॅक्शन आयडी लागतो, आणि तो माझ्या ॲपमध्ये बिल पेमेंट, मग हिस्टरी, मग त्या व्यवहारावर बोट ठेवून पार तळाशी गेल्यावर बारीक अक्षरात सापडतो. कॉपी होत नाही. शून्य कोणतं आणि इंग्रजी ओ कोणता, हे कळायला स्क्रीनशॉट मोठा करून बघावा लागतो.

दुसरी मेख तक्रारीच्या जागेची. मुख्य मेनूतल्या 'सर्व्हिस रिक्वेस्ट'मध्ये लिहिलं तर ती बँक खाती बघणाऱ्यांच्या टेबलावर जाते. उत्तर येतं: आपल्या खात्यातून रक्कम यशस्वीरीत्या वजा झाली आहे, विनंती बंद. अहो, वजा झाली म्हणूनच तर तक्रार आहे! बिल पेमेंटच्या आतलं 'रेज कम्प्लेंट' उघडा आणि तिथे ट्रान्झॅक्शन आयडी द्या. ही तक्रार भारत बिलपेच्या यंत्रणेत नोंदते आणि तिचा वेगळा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा.

पेंडिंग असताना पुन्हा भरायचं का? मी म्हणेन, नाही. आधी महावितरणच्या ॲपमध्ये पेमेंट हिस्टरी बघा, कधी कधी बँकेत पेंडिंग असताना तिकडे जमा दिसतं. उशिराचा आकार सव्वा टक्का, म्हणजे ३,००० रुपयांच्या बिलावर साडेसदतीस रुपये. तेवढ्यासाठी आणखी ३,००० अडकवायचे कशाला? दोनदा गेलेच तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती होते, बुडत नाही. आणि १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही, वीज कायदा २००३ चं कलम ५६ आहे. 'आज रात्री कनेक्शन कापणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर तो चोरांचा समजा.

बँक ३० दिवसांत उत्तर देत नसेल किंवा भलतंच देत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, फी नाही. यूपीआयने भरलं असेल तर हिशेब आणखी सोपा: समोर पोच न झालेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम, फोनवर सांगितला की समोरचा आवाज बदलतो.

हो, ऑटोपे लावलं असेल तर त्याची कमाल मर्यादा मार्चमध्येच वाढवा. हिवाळ्यातल्या बिलावर बेतलेली २,००० ची मर्यादा कुलर-एसी सुरू झाले की ओलांडली जाते आणि बिल भरलंच जात नाही. तसा एसएमएस येतो म्हणा, पण तो जाहिरातींच्या ढिगात.